ताकद पुरे झाली, आता शिकवणारा प्रोग्राम द्या

बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्वांना,
सोलापुरात बुद्धिबळ खेळणाऱ्यांकडून आणि शिकवणाऱ्यांकडून

स. न. वि. वि.

१९९७ साली आयबीएमच्या डीप ब्ल्यू या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन-अडीचने हरवलं. २०२० च्या सप्टेंबरात स्टॉकफिश या इंजिनाच्या (खेळी शोधणाऱ्या प्रोग्रामच्या) बाराव्या आवृत्तीत न्यूरल जाळं (उदाहरणांवरून शिकलेला भाग) आलं. आज साध्या फोनवर फुकट मिळणारं इंजिन जगज्जेत्याला भारी पडतं. माणूस की यंत्र हा वाद मिटला. तरीही प्रत्येक नव्या आवृत्तीची जाहिरात अजून 'आधीपेक्षा इतके एलो जास्त' अशीच होते (एलो म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा). जुळे सोलापुरात किंवा अशोक चौकात संध्याकाळी शिकायला येणाऱ्या, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंगही अजून नसलेल्या मुलीला त्या वाढीव एलोंचा काडीचा उपयोग नाही. तिला हवंय ते वेगळंच: आपल्या पातळीचा माणूस कुठे चुकतो हे जाणणारा प्रतिस्पर्धी आणि 'का?' या प्रश्नाचं खरं उत्तर. पुढची काही वर्षं तुमची मेहनत तिकडे वळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात सोप्या पातळीपासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. स्टॉकफिशमध्ये स्किल लेव्हल ० ते २० अशी असते. ती खाली आणली की इंजिन आतल्या आत किमान चार पर्यायी खेळ्या काढतं आणि त्यांतली एखादी कमी प्रतीची खेळी मुद्दाम उचलतं. पातळी जितकी खाली, तितकी वाईट खेळी चालवून घेतली जाते, आणि निवडीत यादृच्छिक आकड्याचा हात असतो. पटावर याचं रूप असं दिसतं: दहा-बारा खेळ्या मास्टरच्या थाटात, मग अचानक भर पटावर उंट फुकट, आणि पुढच्या खेळीपासून पुन्हा मास्टर. असं कोणी माणूस खेळत नाही. अशा प्रतिस्पर्ध्याशी महिनाभर खेळलेलं मूल एकच गोष्ट शिकतं, की गप्प बसून वाट बघायची, मोहरं आपोआप पदरात पडेल. स्पर्धेत समोरचा ते देत नाही आणि मग मुलाकडे दुसरी योजनाच नसते.

माणूस वेगळ्या जागी चुकतो, आणि शिकवणाऱ्यांना त्या जागा तोंडपाठ असतात. मागे येणारा घोडा दिसत नाही. पटाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यावर रोखलेला उंट दिसत नाही. पिन झालेलं मोहरं (हललं तर मागचं मोठं मोहरं उघडं पडेल असं) अजून जोर देतंय असं धरून चाललं जातं. आपण मारलं की समोरचा लगेच परत मारणारच असं गृहीत धरतात आणि मधला शह विसरतात. प्यादं पुढे ढकलताना त्याने सोडलेल्या घरांकडे लक्ष जात नाही. घड्याळात तीन मिनिटं उरली की यातली प्रत्येक चूक वाढते. खालच्या पातळीच्या प्रोग्रामने याच चुका, याच कारणांनी करायला हव्यात. म्हणजे त्या पकडायला शिकलेली नजर पटासमोर बसल्यावर उपयोगी पडेल.

वाट नवी नाही. मैया या प्रकल्पाने २०२० मध्ये लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या माणसांच्या डावांवर ११०० ते १९०० अशा रेटिंगच्या टप्प्यांसाठी वेगवेगळी जाळी तयार केली. त्या पातळीचा माणूस दिलेल्या स्थितीत काय खेळेल, हे ती निम्म्याहून अधिक वेळा अचूक सांगतात. अडचण पुढे येते. दर वेळी सर्वांत जास्त माणसं खेळतील तीच खेळी निवडली, की एकेकट्याच्या चुका गाळल्या जातात आणि गर्दीचं सामायिक शहाणपण उरतं. म्हणून ११०० साठी शिकवलेलं जाळं प्रत्यक्षात त्यापेक्षा बरंच वरचढ खेळतं. आमची सूचना अशी, की संभाव्यतेच्या प्रमाणात चिठ्ठी काढून खेळी निवडा, पण एका डावात एकच स्वभाव ठेवा. लांबचा उंट न दिसणारा खेळाडू पूर्ण डावभर तसाच राहू दे. त्याला घड्याळही माणसासारखं वापरू द्या: परिचित ओपनिंगमध्ये भराभर, मोहऱ्यांची मारामारी सुरू झाली की सावकाश, शेवटी घाईत. शिक्षकाला हा स्वभाव निवडता आला, उदाहरणार्थ 'आज घोड्याच्या चुका करणारा दे', तर एक पूर्ण तास त्यावर बेतता येईल.

याच बाबतीत आणखी एक, पण महत्त्वाचं. स्टॉकफिशमध्ये एलो ठरवून देता येतो, त्याची खालची मर्यादा सध्या १३२० आहे. हा आकडा इंजिनांच्या आपसांतल्या क्रमवारीवर बेतलेला आहे, फिडेच्या रेटिंगवर नाही. फिडेने १ मार्च २०२४ पासून आपलं किमान रेटिंग १४०० केलं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. '१६०० ला हरवलं' असं मूल घरी सांगतं, आणि स्पर्धेत १४५० वाला त्याला वीस खेळ्यांत गुंडाळतो. पालकांना वाटतं मुलाचं लक्ष नाही. पातळीच्या आकड्याशेजारी तो कुठल्या मापाचा, हे त्याच पडद्यावर लिहा. एक ओळ पुरे.

आता मूल्यमापनाचा आकडा, म्हणजे कोण किती वरचढ आहे हे सांगणारा इंजिनाचा आकडा. दोन स्थिती शेजारी शेजारी मांडून बघा (उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८). पहिली: पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७, काळा राजा ई८, हत्ती जी६, खेळी काळ्याची. दुसरी: पांढरा राजा ई६, प्यादं ई५, हत्ती ए७, काळा राजा ई८, हत्ती ई१, खेळी पुन्हा काळ्याची. इंजिन दोन्हींना ०.००, म्हणजे बरोबरी, देतं, आणि गणिताने ते बरोबरच आहे. पण पहिल्या स्थितीत काळ्याला फक्त सहावी ओळ धरून बसायचंय. हत्ती एच६ ला न्या, बी६ ला न्या, बरोबरी सुटत नाही. प्यादं ई६ ला आलं की हत्ती पहिल्या ओळीत नेऊन मागून शह देत राहायचं. दुसऱ्या स्थितीत पांढऱ्याची हत्तीने ए८ वर मात करण्याची धमकी आहे आणि वाचवणारी खेळी एकच, राजा एफ८. राजा डी८ ला गेला तर ए८ वर शह, राजा सी७, मग हत्ती ई८, आणि डाव गेला. कारण काळ्याचा राजा पटाच्या लांब बाजूला बसतो आणि हत्तीला शह द्यायला फक्त आखूड बाजू उरते. तिथे अंतर कमी पडतं, पांढरा राजा शहांपासून निसटतो आणि प्यादं पुढे सरकतं.

एकच ०.००, पण एक डाव झोपेत वाचवता येतो आणि दुसरा अभ्यास केल्याशिवाय वाचत नाही. हा फरक पडद्यावर कुठेच दिसत नाही. तो दाखवायला नवं संशोधन लागत नाही. स्थितीतल्या सगळ्या कायदेशीर खेळ्या तपासा, त्यांतल्या किती खेळ्यांनी निकाल टिकतो ते मोजा, त्या सापडायला किती खोलवर बघावं लागतं ते बघा, आणि त्या पातळीची माणसं त्या खेळ्या किती वेळा निवडतात ते मैयासारख्या जाळ्याकडून घ्या. मग आकड्याशेजारी लिहा: 'बरोबरी, तेरापैकी एकच खेळी, अवघड'. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के, असा अर्थ ठरवला गेला, हे आम्हाला आवडलं. पण ते पन्नास टक्के त्याच ताकदीच्या दोन इंजिनांमधले आहेत. चौदाशे विरुद्ध चौदाशे असा तो आकडा द्या. वर्गात त्याची गरज रोज पडते.

टेबलबेसचंही, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या निकालांचंही, तसंच. सिझिजी या टेबलबेसच्या फायली मात किती खेळ्यांत आहे हे सांगत नाहीत, पुढची प्याद्याची खेळी किंवा मारामारी किती दूर आहे ते मोजतात. पन्नास खेळ्यांच्या नियमासाठी (तेवढ्या खेळ्यांत ना मारामारी ना प्याद्याची खेळी, तर बरोबरी मागता येते) ते योग्यच आहे. पण त्यामुळे जिंकलेल्या स्थितीत कधी कधी सरळ मार्ग सोडून एखादं मोहरं देऊन टाकणारी खेळी 'सर्वोत्तम' म्हणून वर येते, आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. जिंकणाऱ्या सगळ्या खेळ्यांना एकाच रंगात दाखवा आणि त्यांतली माणसाला सोपी कोणती ती वेगळी सांगा.

यापुढे खरा गाभा: 'का'. मुलगा विचारतो, 'माझी खेळी का नाही?' प्रोग्राम उत्तर देतो ते 'सर्वोत्तम खेळी ही' असं. म्हणजे वेगळ्याच प्रश्नाचं. आम्हाला हवी ती पद्धत अशी. मुलाने आपली खेळी पटावर करावी. प्रोग्रामने तिच्यावरचं सर्वांत टोकदार उत्तर खेळून दाखवावं, आणि मारामारी संपून पट शांत होईल तिथेच थांबावं. आज ओळ अठरा-वीस खेळ्या पुढे वाहत जाते आणि मुद्दा तिच्यात बुडतो. थांबल्यावर काय गेलं ते दाखवावं: प्यादं, दर्जा (उंट किंवा घोड्याच्या बदल्यात हत्ती), की राजाभोवतीची तटबंदी. याचीच जुळी सोय म्हणजे धमकी दाखवणं: आपली पाळी सोडली तर समोरचा काय करेल? काही ठिकाणी ही सोय आहे, पण मेन्यूच्या तळाशी. नवशिक्यासाठी ती पटाशेजारी, मोठ्या बटणावर हवी. झुगझ्वांगमध्ये (कुठलीही खेळी केली तरी नुकसानच, अशा स्थितीत) पाळी सोडून बघण्याने चुकीचा निष्कर्ष निघतो, तेव्हा मोजकी मोहरी उरलेल्या एंडगेममध्ये तशी सूचना द्या.

अलीकडे भाषेची मोठी मॉडेलं जोडून शब्दांत समीक्षा देणारे प्रोग्राम येऊ लागलेत. कल्पना चांगली, धोका मोठा. ई४ वर नसलेला घोडा 'केंद्रात भक्कम बसलाय' असं वाक्य मुलं खरं मानतात. आमची अट एकच: प्रत्येक वाक्याखाली ते सिद्ध करणारी खेळ्यांची ओळ असावी, बोट लावलं की पटावर चालावी, आणि ती ओळ इंजिनाने तपासलेली असावी. ज्या वाक्याला ओळ जोडता येत नाही ते छापूच नका.

हे सगळं कुठल्या भाषेत? सोलापुरात एकाच बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शाळेत मराठी. म्हणून भाषा खात्याला एकदाच चिकटवू नका, पटाच्या कोपऱ्यातून एका बोटाने बदलता येऊ द्या. मराठीत वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं हेच शब्द ठेवा. 'राणी' आणि 'बिशप' असं भाषांतर आलं की मुलं बुचकळ्यात पडतात. खेळ्यांची नोंद मात्र आंतरराष्ट्रीय अक्षरांत किंवा मोहऱ्यांच्या चित्रांत राहू दे, कारण स्पर्धेच्या नोंदपत्रिकेवर तीच लागते.

आवाजाची सोय नीट करा, हे कळकळीने सांगतो. दृष्टिहीन खेळाडूंसाठी ती सोय नसून खेळाचं दारच आहे. 'बी', 'डी', 'ई', 'जी' ही अक्षरं फोनच्या छोट्या स्पीकरवर एकसारखी ऐकू येतात, त्यात शेजारी पंखा चालू असेल तर विचारायलाच नको. फिडेच्या नियमांत दृष्टिहीनांच्या डावासाठी उभ्या ओळींची नावं ठरलेली आहेत: आना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर. ती पर्याय म्हणून द्या. खेळी बोलताना 'घोडा, गुस्ताव्ह एक वरून फेलिक्स तीन' असं पूर्ण बोला, नुसतं 'एफ तीन' नको. पटावरचं प्रत्येक घर स्क्रीन रीडरला वाचता आलं पाहिजे. आज पुष्कळ ठिकाणी सगळा पट हे एकच चित्र असतं आणि रीडर 'प्रतिमा' एवढं बोलून गप्प होतो.

पंचाची भूमिका घेणारा प्रोग्राम आम्ही अजून पाहिलेला नाही, आणि पहिल्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलांना तोच सगळ्यात जास्त लागतो. पडद्यावर बेकायदा खेळी होतच नाही, मोहरं आपोआप मागे जातं. त्यामुळे शहात असलेला राजा तसाच सोडून दुसरं मोहरं हलवण्याची सवय कधी उघडी पडत नाही. क्लासिकल डावात पहिली बेकायदा खेळी पूर्ण झाली की प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात, दुसरीला डाव जातो. हे सभागृहात पहिल्यांदा कळणं फार महाग पडतं. तेव्हा 'स्पर्धा' नावाचा एक प्रकार द्या. त्यात हात लावलेलं मोहरं हलवावंच लागेल. कॅसलिंग करताना आधी हत्तीला हात लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग रद्द होईल. खेळी न करता घड्याळ दाबलं तर बेकायदा खेळीचाच दंड बसेल. बेकायदा खेळी करता येईल आणि तिचा दंड भोगावा लागेल. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर डाव आपोआप संपू नये. खेळाडूने आपल्या पाळीत खेळी करण्याआधी दावा करावा; पुढच्या खेळीने ती स्थिती येणार असेल, तर ती खेळी न खेळता आधी लिहावी आणि मगच दावा करावा. आपोआप बरोबरी पाचव्या वेळी होते, पंचाहत्तर खेळ्यांचा नियमही तसाच आपोआप लागू होतो. आणि वेळ संपल्यावर निकाल फिडेच्या नियमाने द्या. समोरच्याकडे फक्त राजा आणि घोडा उरलाय आणि आपल्याकडे एक प्यादं, अशा वेळी आपली वेळ संपली तर तो डाव आपण हरतो. कारण प्यादं स्वतःच्याच राजाची वाट अडवून कोपऱ्यात मात होऊ देऊ शकतं: राजा ए१, प्यादं ए२, समोरचा राजा सी१, घोडा सी२. कित्येक प्रोग्राम इथे बरोबरी देतात.

नोंदपत्रिका वाचणारा कॅमेरा हवा, पण निव्वळ अक्षर ओळखणारा नको. लहान मुलांच्या अक्षरात १ आणि ७, बी आणि ६ एकमेकांत मिसळतात. घोड्यासाठी एन ऐवजी के लिहिलं जातं, मग राजा आणि घोडा दोघांनाही त्या घरात जाता येत असेल तर घोळ होतो. एक खेळी लिहायची राहते आणि पुढचा सगळा रकाना एका ओळीने सरकतो. तेविसावी खेळी बेकायदा निघाली म्हणजे चूक तेविसाव्यातच असते असं नाही, ती एकोणिसाव्यात असू शकते. म्हणून प्रोग्रामने मागे जावं आणि कमीत कमी दुरुस्त्यांत सगळा डाव कायदेशीर बसतो का ते शोधावं. दोन मार्ग सापडले तर दोन्ही दाखवून विचारावं, स्वतः ठरवू नये. समोरच्याची नोंदपत्रिकाही दिली तर दोन्ही ताडून बघावं. वर्गाचा सगळा रविवार डाव हाताने भरण्यात जातो, तो वाचेल.

फोनबद्दल. बहुतेक मुलांच्या हातात येतो तो आईचा किंवा वडिलांचा फोन, तोही संध्याकाळी तासभर. मे महिन्यात इथे पारा चाळीस-बेचाळिशीच्या पुढे असतो. इंजिनाने आठही कोअर घेतले की काही मिनिटांत फोन तापतो, स्वतःच वेग कमी करतो, आणि बॅटरी आधी संपते. सुरुवातीची मांडणी एक थ्रेड (एका वेळी एकच गणना) आणि ६४ एमबी हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा) एवढीच ठेवा. विश्लेषणाची मर्यादा सेकंदांत न देता नोड्समध्ये (तपासलेल्या स्थितींच्या संख्येत) द्या, समजा दहा लाख. एक थ्रेड, रिकामा हॅश आणि ठरलेले नोड्स असतील, तर त्याच आवृत्तीचं इंजिन कुठल्याही फोनवर तेच उत्तर देतं. अनेक थ्रेड चालवले की तेच इंजिन त्याच फोनवरही वेगळं उत्तर देऊ शकतं. शिक्षकाच्या आणि मुलाच्या पडद्यावर वेगळी खेळी दिसली की निम्मा तास 'सर, माझ्याकडे दुसरंच येतंय' यात जातो. जाळ्याच्या फाईलकडेही बघा. २०२० मध्ये ती वीस एमबीच्या आसपास होती, आता तिपटीहून जास्त झालीय. प्रत्येक अद्ययावतीत ती पूर्ण उतरवायला लावू नका. टेबलबेसही तुकड्यांत द्या. पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच सुमारे एक जीबीचा, सहाचा दीडशे जीबीच्या घरातला, सातचा सतरा टीबीच्या आसपास. मोहऱ्यांच्या जोडीनुसार फायली वेगळ्या असतातच. 'फक्त हत्ती आणि प्याद्यांचे' असा पर्याय दिला की काम भागेल. आणि हे सगळं इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे.

शेवटची मागणी किरकोळ दिसते, पण तिने वर्षावर्षाचं काम मातीत जातं. डाव साठवण्याच्या पीजीएन या फाईल प्रकाराचं मानक १९९४ चं. त्यात अक्षरसंच आयएसओ ८८५९-१ ठरवलेला आहे आणि त्या संचात देवनागरी नाही. अजूनही काही प्रोग्राम तेच धरून चालतात. एका ठिकाणी मराठीत लिहिलेली टीप दुसरीकडे उघडली की प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि चुकून सेव्ह केलं की मूळ मजकूर परत येत नाही. यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिपी साठवणारी पद्धत) वाचा, यूटीएफ-८ लिहा. फाईल उघडताना अक्षरं कळली नाहीत तर जतन करण्याआधी विचारा. टिपा, रंगीत बाण, सरावाच्या तारखा असं सगळं एका बटणाने बाहेर काढता येऊ द्या, म्हणजे सदस्यत्व संपलं म्हणून वर्गाची वही कुलूपबंद होणार नाही.

एकाच वेळी सगळं होणार नाही हे आम्ही जाणतो. क्रम विचाराल तर आधी यूटीएफ-८ आणि नोड्सची मर्यादा, कारण ते थोड्या दिवसांचं काम आहे. मग स्पर्धेचा प्रकार. त्यानंतर 'किती खेळ्यांनी निकाल टिकतो' हा आकडा. माणसासारख्या चुका करणारा प्रतिस्पर्धी आणि पडताळलेली समीक्षा याला वेळ लागेल, तो घ्या. आमच्याकडून देता येण्यासारखं हे: पालकांच्या संमतीने, नावं काढून मुलांच्या नोंदपत्रिका, बुद्धिबळाच्या शब्दांची मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू यादी, आणि कमी मेमरीच्या जुन्या फोनांवर, सोलापूरच्या उन्हाळ्यात, तुमच्या चाचणी आवृत्तीची तपासणी. तुमच्यापैकी जो गट काम सुरू करेल, त्याला हे विनामोबदला मिळेल.

आपले,
सोलापुरातले बुद्धिबळ खेळाडू आणि प्रशिक्षक